पाचच्या घंटेची घोडी

"घोडी आली! ए, घोडी!"

मैदानाच्या कडेने कोणीतरी ओरडलं आणि मला वाटलं, मलाच म्हणताहेत. नववीतच मी आईच्या डोक्याच्या वर गेले होते, त्यामुळे समोरच्या शाळेच्या पोरींनी सामना सुरू झाल्यापासून मला उंटीण, जिराफ, विजेचा खांब असं काय काय म्हणून घेतलं होतं. त्या मानाने घोडी म्हणजे कौतुकच. मी मागे न बघता पळत राहिले.

तालुक्याच्या खो-खो संघाची निवड होती ती, आमच्याच शाळेच्या मैदानावर. माझ्या तुकडीतल्या दोघी बाद झाल्या होत्या आणि आत मी एकटी उरले होते. एक मिनिट झालं. दोन झाली. अख्खी शाळा माझं नाव घेत होती. माझं! आठवीपर्यंत हजेरी देताना जिचा आवाज स्वतःच्या बाकाच्या पुढे जायचा नाही, त्या माझं. मी खांबाला वळसा घातला, सरळ झाले आणि समोर जिलबी.

जिलबी म्हणजे माझी घोडी. खरीखुरी, चार पायांची. कपाळावर केसांचा भोवरा गोल गोल फिरत जातो म्हणून जिलबी. नाव मी चौथीत असताना ठेवलंय, त्यामुळे हसू नका. तुटलेलं नारिंगी दावं पायात लोळवत ती बसलेल्या पोरींच्या ओळीतून, एकीलाही पाय न लावता, शांतपणे आत आली आणि आपलं लांबलचक तोंड माझ्या छातीवर टेकवून उभी राहिली. मी थांबले. मागून पाठीत थाप बसली. बाद.

मग जे हसले सगळे! शिपाई गेणूमामा तर घंटेचा दांडका हातात धरून खालीच बसले.

खेळाचे लोहारसर शिट्टी तोंडात तशीच धरून माझ्याकडे आले. शिट्टी काढली.

"कादंबरी, हे काय आहे?"

"सर, जिलबी."

"घोडी आहे ते मला दिसतंय. ती इथं का आहे?"

"पाच वाजले ना सर."

सरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग जिलबीकडे, मग घड्याळाकडे. खरंच पाच वाजून दोन मिनिटं झाली होती.

सांगते. आमचं रान शाळेच्या मागच्या ओढ्यापलीकडे आहे. पाचवीपासून माझा एकच नेम होता. शाळा सुटली की डब्यातली राखून ठेवलेली अर्धी भाकरी जिलबीला द्यायची, मग तिला नदीवर न्यायचं, धुवायचं, खरारा करायचा आणि अंधार पडेपर्यंत काठाकाठाने फिरायचं. शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा, दोरीने टांगलेला. पाचचे ठोके पडले की ते ओढ्यापलीकडे जायचे आणि जिलबी कान टवकारायची. मोकळी असली तर निघायचीच. पहिलीच्या पोरांच्या आया गेटवर उभ्या असायच्या, त्यांच्या ओळीत शेवटी जिलबी. कुणाला काही वाटायचं नाही. एकदा एका नव्या बाईंनी मात्र विचारलं होतं, "हे कोणाचे पालक?"

पण गेले तीन महिने मी सरावात होते. आई तिला दुपारीच आखूड बांधून टाकायची. आज दावं तुटलं होतं.

"तीन मिनिटं बारा सेकंद टिकलीस," सर म्हणाले. "संघात घेतोय तुला."

मी जोरात ओरडले, त्याने जिलबी दचकली.

"ऐक पुढचं. उद्यापासून सकाळी सहा ते साडेसात, संध्याकाळी पाच ते सात. रविवार धरून. आणि पाच वाजले म्हणून कुणी बोलवायला आलेलं मला चालणार नाही. घरी बोल, काय ते ठरव आणि मला सांग."

मी हो म्हणाले. हो म्हणायला काय लागतं!

दावं धरून घरी निघाले तेव्हा माझ्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी चालल्या होत्या. एक, उड्या माराव्यात. दुसरी कोणती, ते मला कळेना. जिलबी माझ्या खिशाशी नाक नेऊन भाकरी शोधत होती. भाकरी नव्हती. सराव सुरू झाल्यापासून पूर्ण डबा मीच खायचे.

*

"संघात घेतलं? बरं झालं," आई म्हणाली. ती गोठ्यात पाटी भरत होती. "आता ही लीद कोण काढणार ते पण सरांना विचारून यायचं होतंस."

"आई, मी काढते की."

"कधी? शेवटची कधी काढलीस सांग."

मी आठवायला लागले आणि आठवतच राहिले.

"घोडं तुझं आणि लीद माझी. वा गं! सकाळी अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं, दुपारी हिची कुट्टी, संध्याकाळी हिचं पाणी. तू येतेस साडेसातला, जेवतेस आणि पुस्तकावर डोकं ठेवून झोपतेस. मी बोलतेय का काही? बोलत नाही. पण हिच्याकडं बघ जरा."

मी बघितलं. जिलबीच्या आयाळीत कुसळं अडकून गाठी झाल्या होत्या. मागचे खूर वाढून कडेला फाटायला लागले होते. पोट सुटलं होतं. दिवसभर एका जागी उभं राहून दुसरं काय होणार? तीन महिन्यांत मी तिच्यावर बसले होते फक्त दोनदा, आणि त्यातलं एकदा फोटोसाठी.

पप्पा कारखान्यातून आले. ते तिथे टाइमकीपर आहेत, त्यामुळे घरात वेळेबद्दल कोणी बोललं की त्यांना कामावर असल्यासारखंच वाटतं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बँडवाला मोहिते दोनदा विचारून गेलाय. वरातीला घोडी पाहिजे म्हणतो."

"नाही!" मी म्हणाले. "त्या डीजेपुढं? तिला फटाक्याचा आवाज नाही सोसत."

"मग ठेव."

"पण मला वेळ नाही."

"मग दे."

"पप्पा!"

"अगं, मी काय म्हणतोय? ठेव म्हटलं तरी ओरडतेस, दे म्हटलं तरी ओरडतेस."

मला सुद्धा तेच विचारायचं होतं, पण कोणाला विचारणार?

जेवताना मी एक शेवटची पळवाट काढून बघितली. "ती तशी आपली कुठं आहे? ठकूआत्तीची आहे. त्यांनी सांभाळायला ठेवली होती."

पप्पांनी घास खाली ठेवला. "कोण म्हणतं सांभाळायला ठेवली?"

ठकूआत्ती माणदेशातल्या धनगर. दरवर्षी दिवाळीनंतर सोयाबीन निघालं की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढ्या, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि माणसं असं सगळं, आमच्या रानात तीन-चार दिवस उतरतो. मेंढ्या रात्री रानात बसतात, रानाला खत होतं, त्यांना आमच्याकडून धान्य मिळतं. पप्पांच्या आधीपासून चालत आलंय. मी चौथीत असताना त्यांचं एक वर्षाचं शिंगरू आमच्या विहिरीजवळच्या लोखंडी सळीवर आपटलं. मागच्या पायाचं हाड दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर चालवायचं नाही. वाड्याला महिनाभर थांबता येत नव्हतं. मी त्या शिंगराच्या गळ्यात पडून रडत होते, आणि निघताना ठकूआत्ती म्हणाल्या होत्या, "ऱ्हाऊ दे हिच्याकडं."

मला आठवत होतं ते एवढंच.

"जाताना तिनं काय केलं, ते तुझ्या ध्यानात नाही," पप्पा म्हणाले. "शिंगराच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं आणि आपल्या खांद्यावर टाकून गेली. मी उघड्या गळ्याचं शिंगरू एका हातानं धरून तुला ओरडत होतो, घरातनं दोरी आण म्हणून. सांभाळायला ठेवणारा दावं काढून नेत नाही, कादू. देणाराच नेतो. जनावर द्यायचं, दावं ठेवायचं. घेणाऱ्यानं आपलं बांधायचं. त्या दिवशी ती तुझी झाली."

"मला कोणी सांगितलंच नाही."

"तू तिला जिलबी म्हणायला लागली होतीस. सांगायचं काय राहिलं त्यात?"

म्हणजे ठरवायचं मलाच होतं. पाच वर्षं मी गावभर 'माझी घोडी, माझी घोडी' करत मिरवले आणि ती खरोखर माझी आहे असं कळल्यावर मला घाम फुटला.

*

वाडा गुरुवारी उतरला. मी सकाळचा सराव करून धावतच रानात गेले. मेंढ्यांभोवती लावायची जाळी, वाघर म्हणतात तिला, ती ठकूआत्ती रचून ठेवत होत्या. काळा रापलेला चेहरा, कपाळभर कुंकू, आणि आवाज असा की कुजबुजल्या तरी ओढ्यापलीकडे ऐकू जावं.

"आली का गं माझी उंचाडी! आवं, ह्ये बघा, पोरगी बघा. आपल्या वाघरंच्या काठ्या हिच्यापरीस बुटक्या!"

हे म्हाकूनानांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला. ते वर्षाला साधारण चार वाक्यं बोलतात. ते हसले.

"जिलबी कुटं हाय?"

मी त्यांना गोठ्यात घेऊन गेले. ठकूआत्ती जिलबीच्या पायाशी बसल्या, तिचा खूर मांडीवर घेतला, फाटलेल्या कडेवर अंगठा फिरवला. दरवर्षी त्या असंच करायच्या आणि दरवर्षी म्हणायच्या, "ब्येस ठेवलीया." या वर्षी नाही म्हणाल्या.

मी जे काय तीन दिवस घोकलं होतं ते सगळं एका दमात सांगून टाकलं. संघ, सराव, सकाळ, संध्याकाळ, रविवार, पुढच्या वर्षी दहावी, आईची अंगणवाडी. शेवटी म्हणाले, "म्हणून आत्ती, तुम्ही तिला परत घेऊन जाल का? मला वेळच नाही."

"कशाला न्हाई?"

"वेळ."

"व्हय, पर कशाला?"

"तिच्यासाठी."

ठकूआत्तींनी खूर खाली ठेवला. "ती काय मागती तुला?"

"काही नाही मागत."

"मंग?"

"मंग काय आत्ती?"

"मागत न्हाई तर याळ कुटं जातू तुजा?"

मी जिलबीच्या आयाळीतलं एक कुसळ ओढलं. ते निघेना. म्हाकूनानांनी तंबाखू मळता मळता त्या वर्षातलं पहिलं वाक्य बोलून टाकलं. "पोरीला छळू नगंस."

"छळती कुटं? इचारती," ठकूआत्ती म्हणाल्या. "आमाला घोडी लागतीयाच. थोरली घोडी यंदा थकली, तिच्या पाठीवर आता कोंबड्यांचं डालगं बी ठिवत न्हाई मी. ही आली तर सोनंच. पर पोरी, आमच्याकडं हिला नदी न्हाई, खरारा न्हाई. भांडी, वाकळा, कोकरं, सगळं पाठीवर घिऊन रोज चार-पाच कोस चालायचं. जमंल हिला?"

"माहीत नाही."

"तुला जमंल?"

"मला काय, मी तर इथेच असणार."

"त्येच इचारती," त्या म्हणाल्या. "परवा सकाळी निगणार आमी. तवर काय ते सांग."

ते दोन दिवस मी काय केलं म्हणाल, तर सगळंच केलं. गुरुवारी ठरवलं, ठेवायची, आणि सरांना सांगायला निघाले. शाळेच्या गेटपर्यंत गेल्यावर वाटलं, द्यायची. शुक्रवारी पहाटे पाचला उठून लीद काढली, खरारा केला, सहाला मैदानावर पोचले आणि सातला खांबाला टेकून उभ्याउभ्या झोपले. सर म्हणाले, "कादंबरी, घोडी उभ्यानं झोपते. तू नाही." सगळ्याजणी हसल्या, मीही हसले. मैत्रिणींनी ओढून मला आपल्यात घेतलं, कोणीतरी केळं दिलं, कोणीतरी वेणी घट्ट करून दिली. मला ते इतकं आवडलं की मी केळं अर्धं ठेवायलाही विसरले. वर्गात येऊन बसल्यावर आठवलं, सालासकट खाते ती.

त्या संध्याकाळी पाचला घंटा झाली आणि मी मैदानातून ओढ्याकडे बघितलं. आईने तिला आखूड बांधलं होतं. दिसत नव्हती. पण एक खिंकाळी आली. माझ्या शेजारच्या पोरीने विचारलं, "काय गं, तुझी का?" आणि मी म्हणाले, "कोणास ठाऊक."

का म्हणाले असं? मला अजूनही नीट सांगता येत नाही. लाज वाटली म्हणावं, तर लाज नव्हती. राग होता थोडा. मला बोलावू नकोस ना, असा काहीतरी.

घरी जाऊन मी पप्पांना म्हणाले, "देऊन टाकते."

"नक्की?"

"नक्की नाही. पण देते."

*

शनिवारी उजाडताना वाडा आवरत होता. मेंढ्या उठून पुढे लागल्या होत्या. थोरल्या घोडीच्या पाठीवर फक्त एक वाकळ होती, बाकी सगळं जमिनीवर ढीग करून ठेवलेलं. तो ढीग जिलबीचा होता.

मी तिला घेऊन आले. रात्रीच तिच्या आयाळीतली कुसळं एकेक करून काढली होती. सकाळच्या सरावाला दांडी मारली होती, ती मी माझ्या आयुष्यात मारलेली पहिली दांडी.

ठकूआत्तींनी खांद्यावरून एक दावं काढलं. काळ्या केसांचं, जाड वळलेलं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं.

"ह्ये तिचंच," त्या म्हणाल्या. "शिंगरू व्हती तवाचं. आता वाढवून घेतलंय. तुजं सोड तू."

मी नारिंगी दाव्याची गाठ सोडायला लागले. नायलॉनची गाठ, सुटेना. दातांनी ओढली. जिलबी माझ्या कानात गरम श्वास सोडत उभी होती. गाठ सुटली. क्षणभर तिच्या गळ्यात काहीच नव्हतं. मला वाटलं, आता पळेल. ओढा ओलांडेल, गोठ्यात जाईल, आणि मग मला काही ठरवावं लागणार नाही. ती हललीसुद्धा नाही. ठकूआत्तींचं काळं दावं तिच्या गळ्यात पडलं.

मग भांडी चढवायला घेतली. पहिल्या पातेल्याचा आवाज झाला आणि जिलबीने अशी काही उडी मारली की डालगं उलटलं आणि सात कोंबड्या सोयाबीनच्या धसकटातून पळत सुटल्या. म्हाकूनाना कोंबड्यांमागे, मी म्हाकूनानांमागे, आई बांधावर उभी राहून पोट धरून हसतेय.

"लाडावून ठिवलीया नुसती!" ठकूआत्ती ओरडत होत्या. "सायबीण हाय ही, सायबीण!"

दुसऱ्या खेपेला ती उभी राहिली. थरथरत, पण उभी राहिली.

"आजून काय हाय का हिचं?" ठकूआत्तींनी विचारलं. "खोड, सवय, काय सांगायचं असंल तर सांग आता. मागनं आमाला कळाया महिना जातू."

मी सांगितलं. फटाक्याला भिते. डाव्या कानाला हात लावू देत नाही. केळं सालासकट खाते. भाकरी शिळी असली तरी चालते. पाण्यात आधी पाय आपटते, मग पिते.

"आन्?"

घंटेचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पाचची घंटा झाली की ती निघते. एवढंच वाक्य. पण ते सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मग ही कशी ऱ्हाईल आमच्याकडं, वाटंनं गावोगाव शाळा हायती. ठेव तूच. आणि मला पुन्हा सगळं पहिल्यापासून ठरवावं लागलं असतं.

"अजून काही नाही," मी म्हणाले.

वाडा निघाला. जिलबीने एकदाही मागे वळून बघितलं नाही. पाठीवर भांडी वाजत होती, तिचं सगळं लक्ष त्या आवाजाकडे होतं. मी नारिंगी दावं हातात घेऊन उभी राहिले आणि मला जे वाटलं ते सांगायलाच हवं: मला हलकं वाटलं. इतकं हलकं की भीती वाटली. सोमवारी मी मैदानात साडेतीन मिनिटं टिकले.

नारिंगी दावं आईने गोठ्यात या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून बांधलं. त्याच्यावर माझे खेळाचे कपडे वाळायला लागले.

*

त्या वर्षी आम्ही जिल्ह्याला गेलो. उपांत्य फेरीत हरलो, पण गेलो. दहावीच्या सुरुवातीला मी संघाची कर्णधार झाले आणि पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाला चक्क माइक हातात धरून सूत्रसंचालन केलं. गेणूमामा म्हणाले, "ही तीच का, जिला आम्ही मुकी समजायचो?"

जिलबीची आठवण यायची. रोज नाही. खोटं कशाला बोलू.

दिवाळी झाली, सोयाबीन निघालं आणि एका दुपारी पप्पांचा निरोप आला की वाडा येतोय. त्या दिवशी सराव होता. मी सरांना म्हणाले, "सर, मला जायचंय, घोडी येतेय." सर म्हणाले, "जा." मी डब्यातली अर्धी भाकरी घेतली, आणि दोन केळी, आणि शाळेपुढच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले. वाडा तिथूनच वळून आमच्या रानात उतरतो.

आधी धूळ दिसली. मग मेंढ्या. मग जिलबी.

मी ओळखलंच नाही आधी. पोट आत गेलेलं, छाती भरलेली, खूर घासून छान गोल झालेले. पाठीवर भांड्यांची उतरंड, वर डालगं, डालग्यात कोंबड्या निवांत बसलेल्या. दोन्ही बाजूंच्या पोत्यांतून कोकरांची तोंडं बाहेर. आणि दावं कुणी धरलेलंच नव्हतं. ती आपली आपणच चालत होती, थोरल्या घोडीच्या आणि माणसांच्या पुढे.

"जिलबी!"

ती आली, माझ्यासमोर थांबली, भाकरी खाल्ली. केळी खाल्ली, सालासकट. मी तिच्या कपाळावरच्या भोवऱ्यावर हात ठेवला. तिने ठेवू दिला.

"ब्येस ठेवलीये, आत्ती," मी म्हणाले.

ठकूआत्ती हसल्या नाहीत. रस्त्याच्या कडेला टेकल्या, पदराने तोंड पुसलं.

"पोरी, एक बोलायचं हुतं. तू सगळं सांगितलंस, केळ्याचं, कानाचं. घंटेचं न्हाई सांगितलंस."

माझा हात भोवऱ्यावरच राहिला.

"पैल्यांदा गेली तवा आमी हबकलू. सांजच्या पारी दावं तोडून गायब. आमचं मालक रानभर हुडकत्यात. घावली कुटं? गावातल्या शाळंच्या दारात. पोरांच्या आयांसंगट हुबी. धरून आणली. दुसऱ्या गावात तेच. तिसऱ्यात तेच. ज्या गावात उतरू त्या गावात, सांजंची घंटा झाली की ही शाळंच्या दारात. समदी पोरं निघून जायची, मास्तर कुलूप लावायचा, तरी ही हुबीच. मालक म्हनलं, बांधू नगंस, जाऊ दे, आपन जाऊन आनू. माघ सरला, फागून सरला. पार घाटाखाली गेलू तरी."

"मग?" माझा आवाज हजेरीच्या वेळचा झाला होता, आठवीपर्यंतचा.

"मंग चैतात एक दिस उठली, दोन पावलं गेली आन् थांबली. माघारी येऊन चराय लागली. त्या दिसापासनं न्हाई जात."

ठकूआत्तींनी विचारलं नाही, का सांगितलं नाहीस म्हणून. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आठवीपर्यंत माझी वाट बघणारं शाळेच्या गेटवर कोणी नव्हतं. बाकीच्या पोरी घोळक्याने बाहेर पडायच्या, मी सगळ्यांत शेवटी, एकटी. मला घाई नसायची कारण मला कुठे जायचंच नसायचं. फक्त तिच्याकडे. आता मला कळलं की मला तेव्हा वेळ होता म्हणजे काय होतं.

शाळेच्या आवारात गेणूमामा दांडका घेऊन रुळाच्या तुकड्याकडे चालले होते. मला दिसत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, मामा, थांबा, आज नको. आणि त्याच वेळी मला ती घंटा ऐकायचीच होती. दोन्ही एकदम.

ठोके पडले. एक, दोन, तीन, चार, पाच.

मी जिलबीकडे बघत होते. इतकी जवळून की तिच्या डोळ्यात मला मी दिसत होते, उंच आणि वाकडी. ती उभी होती तशीच उभी राहिली. मग थोरल्या घोडीने मागून ढुशी दिली, म्हाकूनानांनी जीभ टाळ्याला लावून आवाज केला, आणि जिलबी निघाली. गेटसमोरून गेली, थांबली नाही. भांडी वाजत होती, कोकरं ओरडत होती, तिला पुढे खूप काम होतं.

फक्त गेटसमोर तिचा एक कान वळला होता. डावा.

आता मी बारावीत आहे. या गोष्टीला दोन वर्षं झाली आणि मी ती पन्नास जणांना सांगितली असेल, दर वेळी थोडी वेगळी. मैत्रिणी म्हणतात, तुझ्यासाठीच वळला गं. आई म्हणते, माशी बसली असेल.

मी अजूनही ठरवू शकलेले नाही.